तिसरी फेरी

१४ नोव्हें.
शाळा सुटल्यावर मतदार-चिठ्ठ्या वाटल्या. पाय गेले. शाळेवर ही दुसरी शाळा, बीएलओची, म्हणजे वस्तीच्या मतदार-यादीच्या कामाची.
चाळीत हमीदाआपा दारातच उभ्या. एकट्याच राहतात. कर्वेनगरातल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांनीच शिवलेले. शेजाऱ्यांच्या पाचही चिठ्ठ्या निघाल्या, त्यांची नाही. यादीत पाहिलं. नाव वगळलेलं. कारण : स्थलांतरित.
"स्थलांतरित? कुठं गेले मी? पत्ता तरी सांगा."
नाव परत घालायची मुदत गेल्या महिन्यातच संपली. म्हटलं, वरून झालं असेल, कम्प्युटरची चूक.

१५ नोव्हें.
ऑगस्टच्या पाहणीची वही काढली. 'कुलूप. शेजारीण म्हणते, लेकीकडे कोंढव्याला गेल्या.' नाव वगळण्याआधी घरी तीन भेटी द्याव्या लागतात. वहीत भेटी तीन, तारखा तीन. अक्षर माझंच.
गेले होते दोनदाच. तिसऱ्या दिवशी चाचणीचे पेपर तपासत बसले आणि तारीख टाकून दिली. काल शेजारीण म्हणाली, आपा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेल्या होत्या. तीन आठवड्यांत परत.
निवडणूक शाखेत फोन केला. "मॅडम, आता ब्रह्मदेव आला तरी नाव येत नाही." ठेवला.

१८ नोव्हें.
आठवीला संसदीय शासनपद्धती. सानिका : "बाई, मुख्यमंत्र्यांना आपण थेट मत देत नाही?"
नाही. आमदाराला देतो. ज्यांच्याकडे आमदार जास्त, त्यांचं सरकार. आमदार उभा आपल्या मतांवर. आणि मत, यादीतल्या नावावर. हे शेवटचं फळ्यावर लिहिलं नाही. तास लवकर संपवला.

२० नोव्हें. मतदान.
केंद्राबाहेर मदतीच्या टेबलावर मी. आपा आल्याच. इस्त्रीची साडी, हातात कार्ड. तासभर रांगेत. आतून ऐकू आलं, "आजी, कार्ड आहे, पण यादीत नाव नाही."
बाहेर येऊन माझ्यापाशी थांबल्या. "मत द्यायचं वय तेव्हा एकवीस होतं. तेव्हापासून एक निवडणूक चुकवली नाही मी."
मी यादीची पानं उलटत राहिले. कशाला? मी सकाळी सातलाच मत देऊन बसलेली.

२४ नोव्हें. रवि.
काल निकाल. आज आपांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शिलाई मशीन थांबवलं.
"म्हणजे आला नाहीत, आणि आले म्हणून लिहिलंत."
"हो."
चहा विचारला नाही. बरोबरच आहे. पुढच्या निवडणुकीसाठी नाव परत घालायचा फॉर्म पुढे केला. बाजूला सारला.
"भरते. आधी हे जे बोललात ना, ते लिहून द्या. सहीनिशी."

२७ नोव्हें.
मुख्याध्यापकांना विचारलं, लिहून देऊ का. "वेड लागलंय का, बाई? चौकशी लागेल. फॉर्म भरून घ्या आणि मोकळ्या व्हा." ह्यांचंही घरी तेच. सगळ्यांना मी मोकळी व्हायला हवी आहे.
आठवीत सानिका : "निकाल लागला, मग सरकार कुठंय?"
म्हटलं, बहुमत आहे, नेता ठरायचाय.
"आणि मंत्री चुकला तर?"
"सभागृहात उत्तर द्यावं लागतं."
"लेखी?"
"कधी कधी लेखीसुद्धा."

२८ नोव्हें.
आपांचा निरोप नाही. मीही गेले नाही. दुपारी स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं, कागद घेतला. 'मी, खाली सही करणार, असे लिहून देते की'
इथवर झालंय.