उताणे मुद्रितशोधन

३ जून, सोमवार. सकाळी ७.
आजपासून कर्तव्यकठोर होण्याचा संकल्प. निमित्तही उदात्त. एका पाहणीत आमच्या सिस्टर मंडळींचे बेडसोरविषयीचे, म्हणजे पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमांविषयीचे, ज्ञान जेमतेम काठावर उत्तीर्ण ठरले. सबब शुक्रवारी त्यांचे प्रबोधन करण्याची धुरा मेट्रनबाईंनी वॉर्डाचा इन्चार्ज ब्रदर या नात्याने माझ्या स्कंधावर ठेवली आहे. माझे ज्ञान कोणी तपासले नाही. मी तपासणाऱ्यांत होतो.

दुपारी २.
खाट क्रमांक नऊवर नवे आजोबा. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. निवृत्त मुद्रितशोधक! जोखमीचा तक्ता स्वहस्ते भरला. सहा रकाने, बेरीज जितकी कमी, तितका बेडसोरचा धोका अधिक. स्वतःहून कूस बदलता येते का, असे पृच्छिले. ‘प्रयत्नशील असतो,’ म्हणाले. इतक्या शुद्ध उत्तराला पैकीच्या पैकी गुण न देणे हा भाषाद्रोह ठरला असता. एकूण वीस. म्हणजे धोका नाही. पाठ पाहिली नाही. सुसंस्कृत गृहस्थाला प्रथमभेटीतच उघडे करणे अप्रशस्त.

४ जून, मंगळवार.
व्याख्यानाची आठ पाने आजोबांना तपासायला दिली. ‘दर दोन तासांनी परिचारिकेने रुग्णास कुशीत घ्यावे’ या वाक्याशी ते बराच वेळ थांबले. मग ‘कुशीत घ्यावे’ खोडून ‘कुशीवर वळवावे’ केले आणि म्हणाले, पहिला उपाय अधिक गुणकारी असेलही, पण वॉर्डात गर्दी होईल. थोर मनुष्य.

वॉर्डातल्या आयामावशी त्यांना वळवायला आल्या. ऑपरेशन झालेल्यांना, गुण काहीही असोत, दोन तासांनी वळवायचेच, असा मेट्रनबाईंचा दंडक. कुशीवर कागद धरता येत नाहीत, हे मी मावशींना समजावले व ‘मी बघतो’ म्हणून परत पाठवले. टर्निंग चार्टवर ‘वळवले’ अशा खुणा केल्या. संकल्प होताच.

५ जून, बुधवार.
आणखी अकरा पाने. पुन्हा खुणा.
आजोबांची मुलगी आली होती. चालायला शिकवणाऱ्या केंद्रात बाबांना शनिवारची जागा मिळाली, म्हणून हरखली होती. तिचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा जिना चढू लागले तरच घरी, नाहीतर कुठे ठेवू, म्हणाली.
ती गेल्यावर आजोबा म्हणाले, पाठीला चुणचुणते आहे. विषयाशी तादात्म्य पावल्याचे लक्षण असावे. उद्या अवश्य पाहू.

६ जून, गुरुवार. सकाळी ९.
मावशींनी अंग पुसताना हाक मारली. माकडहाडावर बशीएवढी लाली, मधोमध कातडे गेलेले. ‘ब्रदर, तुमचं लेक्चर इथं उगवलंय,’ म्हणाल्या. हसल्या नाहीत.
तक्ता पुन्हा भरला. या खेपेस पाठ पाहून, स्वतः हलून दाखवायला सांगून. त्यांना तसूभरही हलता आले नाही. तेरा.

सायंकाळी.
मेट्रनबाईंनी चौकशी केली. मी घसा खाकरेपर्यंत आजोबाच बोलले. ब्रदर बिचारे वळवत होते, मीच हट्टाने परत उताणा होत होतो, म्हणाले. मी अधोवदन उभा राहिलो. विनयापोटी.
नाही. विनयापोटी नव्हे.

७ जून, शुक्रवार.
व्याख्यान झाले. टाळ्या. प्रश्न कोणी विचारले नाहीत. मावशी मागच्या दाराशी उभ्या होत्या.
मेट्रनबाईंनी कागदपत्रांत ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’ असा शेरा मारला. केंद्राने कळवले की जखमेसाठी पंधरा दिवस थांबलो असतो, पण असा रुग्ण आम्हाला नको. मुलगी बापावर तडकली. एवढे लोक तुमच्यासाठी राबतात, बाबा, आणि तुम्ही हट्ट करता? आता नेऊ कुठे तुम्हाला? आजोबांनी ऐकून घेतले. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.
उद्या मेट्रनबाईंना सत्य निवेदन करणार. यथोचित शब्दयोजना करावी लागेल.

८ जून, शनिवार. सकाळी १०.
गेलो. ‘परिस्थितिजन्य अनवधानामुळे कूसपरिवर्तनाच्या प्रक्रियेत किंचित शैथिल्य...’ इथवर आलो. त्यांनी पेन खाली ठेवले. ‘ब्रदर, मराठीत सांगा.’
म्हणालो, नियोजनात थोडी उणीव राहिली.
‘अजून मराठीत.’
मी त्यांना वळवलं नाही, असे म्हणालो. चार्टवरच्या खुणा खोट्या आहेत. ते माझे कागद तपासत पडले होते.
त्यांनी आजोबांचे कागद पुढे ओढले. मग शेरा खोडला आणि माझ्यासमोरच केंद्राला फोन लावला. दोष रुग्णाचा नाही, आमच्या ब्रदरचा आहे, म्हणाल्या. केंद्राने ऐकून घेतले. पण जागा सकाळीच दुसऱ्याला गेली. पुढची ऑगस्टात.
हे मुलीला तुम्ही सांगायचं, म्हणाल्या. मी नाही.

१०.४०.
ती बाहेर बाकावर बसली आहे. वाक्य चार शब्दांचे आहे. पाठ झाले आहे. अजून उठलो नाही.