सांध्यावरचा कस

प्रिय ताई,

भावजी तू मोडायला दिलेली चांदी आणि बांगड्या घेऊन सोमवारी सुखरूप पोचले. चहा संपेपर्यंत त्यांनी बिलबुकाच्या पाठीवर तुझ्या नव्या चष्म्याच्या दुकानाचा नकाशाही काढून दाखवला. इथे काचेचं कपाट, इथे डोळे तपासायची खुर्ची, इथे तू. बाबा तो कागद नाकाशी धरून बसले होते. रेघा त्यांना दिसत नव्हत्या, पण दर दोन मिनिटांनी 'वा' म्हणत होते. तू पाठवलेला जाड काचांचा चष्मा ते दिवसभर उतरवत नाहीत. त्याने फारसा फरक पडलेला नाही हे तुला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. ती आत्ताच मोडली.

चांदीचं आधी सांगते. हातात धरायचा आरसा चांगला जड भरतो, पण त्यात चांदी म्हणजे नुसतं कवच. काच काढली, पुठ्ठा काढला, आतली लाख गरम करून खरवडली आणि उरलं तेवढंच तोललं. सुऱ्यांच्या मुठींचंही तसंच, आत सगळी लाख. तुझी थोडी निराशा होईल. चमचे मात्र भरीव आहेत, त्यांचा पूर्ण मोडीचा भाव येईल. प्रत्येक वस्तू तीनदा तोलली आहे. हसू नकोस. कारागीरकाका अजून मला 'तीनदा' म्हणूनच हाक मारतात, आणि ते नाव तूच ठेवलं होतंस.

शाळेत अक्षरं गिरवायच्या आधी आपण दोघी बाबांच्या सोनारकामाच्या दुकानात कसोटीच्या त्या काळ्या दगडावर सोन्याच्या रेघा ओढत होतो. तू एकदा घासायचीस, रेघेकडे धड न बघता 'वीस कॅरेट' म्हणायचीस आणि खेळायला पळायचीस. मी तीनदा घासायचे, तेजाबाचा थेंब टाकायचे, रेघ किती उरते ते मोजत बसायचे, आणि घाबरत घाबरत 'वीस' म्हणायचे. तोवर बाबांचं गिऱ्हाइकाला सांगून झालेलं असायचं, हात असावा तर आमच्या थोरलीसारखा. दगड पुसायला मी होतेच. मग तू चष्म्यांचं शिकायला गेलीस आणि दुकानात मी राहिले. राहतेस का, असं कुणी विचारलं नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी जुनं गिऱ्हाईक दारातून डोकावून विचारतं, थोरली नाही का आज? मी आत बसवते, पाणी देते, काम करते. जाताना ते म्हणतात, थोरलीला नमस्कार सांगा. ते नमस्कार मी तुला कधी कळवले नाहीत. बरेच साठले आहेत.

आता आईच्या बांगड्या. तिने त्या तुला दिल्या, यावर आपण कधी बोललो नाही. बोलायचं काय? शेवटची दोन वर्षं तिला कुशीवर मी वळवत होते, तिच्या केसांतली गुंत मी काढत होते, आणि एका दुपारी उशी सारखी करताना ती माझ्याच कानाशी म्हणाली, बांगड्या थोरलीला. मी 'हो' म्हटलं आणि उशी पुन्हा एकदा सारखी केली. तिला कारण विचारता आलं असतं, मी विचारलं नाही. तू नेल्यास त्या दिवशी मी मुद्दाम तुझ्या हातांकडे बघितलं नाही. नंतरही तू आलीस की मी तुझ्या तोंडाकडे बघून बोलायचे, ते याचसाठी.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट त्या बांगड्यांत आहे. आजारपणात आईचे हात सुजले तेव्हा त्या मनगटात रुतायला लागल्या. बाबांनी त्या कापून काढल्या, प्रत्येकीत नखाएवढा तुकडा घातला आणि पुन्हा जोडल्या. फुंकणी माझ्या तोंडात होती. जोडायला वापरतात ते सोनं नेहमी कमी कसाचं असतं, नाहीतर ते आधी वितळणारच नाही. म्हणून दागिन्याची परीक्षा सांध्यावर कधी करायची नाही, हा आपल्या घरातला पहिला धडा. बाबांनी त्यावर अशी झिलई केली की सांधा शोधूनही सापडू नये. मला तो डोळे मिटूनही सापडतो.

आईने आयुष्यभर त्या बांगड्यांना कसोटी लावू दिली नव्हती. माझ्या माहेरच्या सोन्याची परीक्षा घेता का, असं म्हणून ती हात मागे घ्यायची. बाबा हसायचे. घासायची गरजच नाही, रंगावरून सांगतो, बावीस कॅरेट.

सोमवारी दुपारी मी पहिली बांगडी उचलली, अंगठ्याने सांधा चाचपला आणि बरोबर तिथेच दगडावर घासली. दुसरीही तशीच. मनात काहीही नव्हतं असं म्हणणार नाही. तुझी खुर्ची होती, कपाट होतं, बाबांचं ते 'वा' होतं. तेजाबाने रेघ फिकट पडली. एकदाच घासलं, आणि आटणीवाल्याला द्यायच्या कसाच्या चिठ्ठीवर अठरा लिहिलं. बाबांना आकडा वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, सांधा सोडून घासलंस ना? मी 'हो' म्हटलं. ते म्हणाले, "थोरली असती तर पुन्हा बघ म्हटलं असतं. तिचा हात चांगला, पण घाई फार. तुझ्या रेघेवर मी न बघता सही करतो." मी कागदावर पट्टी धरली, तिच्या कडेने त्यांनी सही केली. सबंध जन्म मी ज्या वाक्याची वाट बघितली, ते मला त्या चिठ्ठीवर मिळालं. आणि ताई, मला आनंद झाला. संध्याकाळपर्यंत टिकला. मग दिवे लावताना बाबा स्वतःशीच हसत म्हणाले, म्हणून घासू देत नव्हती होय. लबाड कुठली.

मंगळवारी मी त्या नीट बघितल्या. तीन जागी, सांधा सोडून. बावीस आहेत, ताई. शुक्रवारी भावजी त्या आटणीवाल्याकडे नेणार. सोनं वितळल्यावर त्याला खरं कळलं असतं, पण अठराचा भाव देऊन झाल्यावर तो काही सांगायला आला नसता. तेवढं मी होऊ देणार नाही, नवी चिठ्ठी लिहून तयार आहे. ती बाबांपुढे नुसती सरकवली तरी सही होईल, त्यांना आकडा दिसत नाही. तुझं नुकसान टळेल, त्यांचं ते वाक्य माझ्याकडे राहील, आणि आई मात्र त्यांच्या लेखी लबाडच राहील. दोन दिवस मी याच वाटेने जायचं ठरवत होते, म्हणून तुला लिहिते आहे. तुला कळलं की ती वाट बंद. हे पत्र पेटीत टाकून येते आणि बाबांसमोर बसून सगळं सांगते. ते म्हणतील, थोरलीने असं केलं नसतं. खरंच आहे, तू केलं नसतंस. तेही मला अजून सहन होत नाही.

तुझीच,
तीनदा