ब्रह्मदेशच्या जंगलातली अकरा खेचरं

बाबा, गेले सहा रविवार मी ब्रह्मदेशात जाऊन आले. दुपारचं जेवण झालं की उंद्रीहून स्कूटी काढायची आणि चिखलीला आमच्या शाळेच्या ड्रॉइंगच्या सरांकडे जायचं. आम्ही दोघंही आता निवृत्त आहोत. सरांनी समोरच्या खोलीत प्लायवूडच्या दोन फळ्या जोडून त्यावर अख्खं जंगल उभं केलंय. काथ्या, वाळलेलं शेवाळ, खराट्याच्या काड्यांचे बांबू, आणि मधून गोंदाचे थर ओतून केलेली नदी. ती इतकी खरी की पहिल्या दिवशी मी तिच्यात बोट बुडवायला गेले आणि बोट टणकन आपटलं. शिपाई अर्ध्या बोटाएवढे. त्यांच्या पट्ट्यांना बक्कल आहे, बाबा. भिंगातून पाहिलं तर एकाच्या गालावर दाढीचे खुंट दिसतात.

हा लढाईचा खेळ आहे. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजून माणसं पुढं सरकवायची, आणि शत्रू वीतभर अंतरावर येईस्तोवर तो कुठं लपलाय ते कळत नाही. तुम्ही होतात त्याच युद्धातली मोहीम आम्ही सहा रविवारांत खेळलो. सर जपान्यांकडून. माझ्याकडे अकरा खेचरं आणि ती हाकणारी माणसं. नदीपलीकडच्या डोंगरावर अडकलेल्या तुकडीला शेवटच्या रविवारपर्यंत औषधं न् काडतुसं पोचवायची. नाही पोचली तर तुकडी संपली. ही बाजू सरांनी मुद्दाम मला दिली, कारण माझे वडील ब्रह्मदेशात खेचरं हाकत होते असं मी एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेले होते. त्याहून जास्त मला काही माहीतच नव्हतं. मी विचारलं की तुम्ही वांग्यांना पाणी देता देता एवढंच म्हणायचात, "लय पानी होतं तिकडं."

"बाई, तुमचे बाबा उभे कसे राहत?" सरांनी विचारलं होतं. मी म्हटलं, डावा खांदा थोडा खाली असायचा. पुढच्या रविवारी गेले तर पहिल्या खेचराचा कासरा धरून एक माणूस उभा, डावा खांदा थोडा खाली. सरांनी तो पात्यानं तासला होता. सर म्हणाले, "वरून नका पाहू. गुडघ्यावर बसा अन् त्याच्या डोळ्यानं पाहा." मी बसले. साठी उलटलेली बाई, फळीच्या कडेला हनुवटी टेकवून. वरून पाहताना मला रस्ता, नदी, डोंगर सगळं दिसत होतं. खालून काहीच दिसेना. हिरव्याच्या मागं हिरवं, त्याच्या मागं काळं. विशी-बाविशीचे होतात तुम्ही, बाबा. चिखलीच्या बाजाराच्या पलीकडं काही न पाहिलेले. यातून तुम्ही चालत गेलात आणि परत येऊन आमच्यासाठी मेथी पेरलीत.

तिसऱ्या रविवारी शत्रू अगदी जवळ आला. माझं एखादं खेचर ओरडलं तर काय, म्हणून मी नियम विचारला. सर नियमांची वही न उघडताच म्हणाले, "हे ओरडत नाहीत, बाई. जंगलात न्यायच्या आधी भूल देऊन त्यांचा आवाजच कापून टाकत. ओरडलं तर दुश्मनाले पत्ता लागते ना."

मी पट्टी खाली ठेवली. "काऊन थांबल्या?" सर विचारत होते, आणि मी आपल्या गोठ्यात उभी होते. मी नऊ वर्षांची आहे, उद्या परीक्षा आहे, आणि गाय रानात गेलीय म्हणून वासरू सारखं हंबरतंय. मी आईचं फडकं घेऊन त्याचं तोंड बांधलंय. तुम्ही मळ्यातून येता, डोक्यावरचा भारा टाकता आणि माझ्या थोबाडीत मारता. जन्मात एकदाच मारलंत. मग खाली बसून गाठ सोडायला लागता, ती सुटत नाही म्हणून दातांनी ओढता. "मुक्या जनावराले आनखी काऊन मुकं केलं, पोरी?" तुम्ही रडत होतात. एका फडक्यासाठी एवढं काय, म्हणून मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही जाऊनही चाळीस वर्षं झाली, आणि ती थोबाडीत कशाची होती ते मला आत्ता, एका खेळाच्या नियमातून कळलं.

परवा शेवटचा रविवार झाला. अकरांपैकी चार खेचरं उरली होती. नदी ओलांडायची होती आणि समोरच्या बांबूंतून गोळीबार सुरू झाला होता. पुढं तोच, खांदा खाली असलेला. त्याच्यासाठी एक फासा टाकायचा. एक पडला तर तो पाण्यात गेला, आणि त्याच्यामागं खेचरंही. तेवढ्यात आत फोन वाजला. "टाका तुम्ही, मी आलोच," म्हणून सर उठले. मी फासा मुठीत घेतला. एवढ्याशा शिशाच्या माणसासाठी माझ्या हाताला घाम फुटला होता. टाकला.

सर परत आले. "किती पडले?"

"चार."

"मग पोचले बाई तुमचे बाबा," ते म्हणाले, आणि हरल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला पलीकडच्या काठावर ठेवलं. तुकडी वाचली.

बत्तीस वर्षं मी वर्गात पोरांच्या कॉप्या पकडल्या, बाबा. सरांना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाहीये, म्हणून इथं लिहिते. पहिल्यांदा एक पडला होता. मी तो उचलून परत टाकला.