दोन चुली, एक घागर

।। श्री ।।

देवास, कार्तिक वद्य पंचमी, सन १९०४

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी दुर्गाअक्का यांचे सेवेशी,

धाकटा गणोजी याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडील क्षेम, तिकडील कळवावे.

दाजींना जाऊन आता वर्ष होईल. धारच्या त्या घरात तू, तुझे देव आणि दाजींची पगडी अडकवायची रिकामी खुंटी, एवढीच मंडळी उरली, हे मला बरे वाटत नाही. मालन रोज म्हणते की अक्कांना घेऊन या. भावजय आपण होऊन नणंदेला राहायला बोलावते, असे दुसरे घर माळव्यात दाखव आणि मग नाही म्हण.

महूच्या गाडीवाल्याबरोबर तुझ्यासाठी तांब्याची घागर पाठवली आहे. काठावर तुझे नाव घातले आहे. आली की बोटाच्या पेराने वाजवून पाहा. सूर घुमला पाहिजे आणि रेंगाळला पाहिजे. फुटके भांडे आणि खोटे बोलणारा माणूस मला पाठ फिरवूनही ओळखू येतो. याच कानांवर मी धंदा उभा केला. खांद्यावर पोते टाकून मोडीची भांडी मागत फिरणारा गण्या आज दोन्ही दरबारांच्या मुदपाकखान्यांना हंडे पुरवतो. आणि गावही कसे मजेचे! एका देवासात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. माझे दुकान थोरलीत, मागचे परस धाकटीत. एकीचा शिपाई ठोकाठोकीबद्दल ओरडत आला की मी परसात जाऊन दुसऱ्या राज्यात बसतो.

आता तुझ्या सोवळ्याचे. रागावू नकोस, पण देवाला ओले लुगडे चालते आणि कोरडे चालत नाही, हे मला अजून कोणी पटवून दिले नाही. पितळेचे देव मीच ओततो. साच्यातून निघतो तेव्हा देव माझ्या हातात गरम असतो. गिऱ्हाइकाच्या देव्हाऱ्यात बसला की मीच त्याला शिवायचे नाही! इथे यायचे तर सोवळे थोडे सैल करावे लागेल, एवढेच माझे म्हणणे.

मालनचा नमस्कार. धाकट्यावरची माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा
गणोजी

।। श्री ।।

धार, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, सन १९०४

चिरंजीव गणोजीस,

दुर्गाअक्काचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष. तुझे पत्र व घागर पावली. मजकूर माझा, अक्षर शेजारच्या मोरोपंत पुराणिकांचे.

घागर सुबक आहे. वाजवून पाहिली, तू लिहिलेस तशीच घुमते. परंतु गाडीवाल्यास सहज विचारले की ही घडवली कोणी, तेव्हा तो म्हणाला की नूरभाईने ठोकली. तुझ्या भट्टीवरचा तो मुसलमान कारागीर. मी घागर माळ्यावर ठेवून दिली आहे. चिंचेने घासून अग्नी दाखवला असता शुद्ध होते असे मोरोपंतांचे मत पडले. माझ्या मनाला पटले नाही. शास्त्र सांगणाऱ्याहून शास्त्र ऐकणारी कडक, असे म्हणून ते आत्ता हसत आहेत, हसू देत.

सोवळे सैल कर म्हणतोस. तुझ्या दाजींच्या मागे माझ्यापाशी राहिले ते एवढेच. पहाटे तळ्यावरचे स्नान, ओल्या लुगड्याने घरी येणे, चुलीपुढची रेघ. ते सैल केले आणि दिवस मोकळा पडला, तर त्या दिवसाचे मी काय करू, हे तू लिहिले नाहीस.

मनापासून बोलावत असशील तर घरात सोवळ्याची निराळी चूल हवी. परसात विहीर हवी, जिला परक्याचा पोहरा लागणार नाही. आणि नूरभाईची भट्टी माझ्या नजरेआड हवी. हे झाले म्हणजे कळव. तोवर तुझ्या घरचे पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही.

मालनला आशीर्वाद. बहिणीचा राग मनात धरू नये.

दुर्गा

।। श्री ।।

देवास, फाल्गुन वद्य तृतीया, सन १९११

तीर्थस्वरूप अक्काचे चरणी,

गणोजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. मालन गेल्याचे तारेने कळवले होतेच. नेमावरला जाऊन नर्मदेत अस्थी सोडून आलो. गुडघ्यांनी धरले म्हणून तुला येता आले नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

मूलबाळ नाही, त्यामुळे दुकान बंद केले की घर अगदी स्वच्छ ऐकू येते. फडताळातली भांडीसुद्धा थंड होताना बारीक वाजतात, हे मला माहीत नव्हते.

जाताना मालनने एकच सांगितले, देवापुढचा दिवा तेवढा बघा. पहिले काही दिवस मी भट्टीवरून उठून तसाच काळ्या हातांनी दिवा लावला. मग वाटले, तिला हे आवडले नसते. हात धुऊ लागलो. मग नुसते हात धुणे अपुरे वाटू लागले. हे सगळे तिच्या मर्जीखातर म्हणून चालले होते. मध्येच कुठे तरी ती बाजूला झाली आणि दिवा नि मी, दोघेच उरलो. केव्हा, ते सांगता येणार नाही. एवढे तिखट कान माझे, पण हा आवाज काही मला ऐकू आला नाही. तुला हसू येईल. ये, चांगले मोठ्याने हस.

परसात एक काम काढले आहे. नूरभाई रोज विचारतो, त्यालाही सांगितले नाही. पुरे झाले की तुलाच आधी कळवीन.

एकट्याची आठवण ठेवावी.

गणोजी

।। श्री ।।

धार, ज्येष्ठ शुद्ध एकादशी, सन १९१५

चिरंजीव गणोजीस,

अनेक आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस. ते माझं आहे. मोरोपंतांना आता दिसत नाही. ते म्हणाले, तुझी पत्रं लिहायची कोणी, तूच शीक. आणि या वयात मला मुळाक्षरं गिरवायला बसवलं. ओळ घाट चढणाऱ्या बैलासारखी वरवर जाते, तरी मजकूर पोचेल. मोरोपंतांच्या हातून पत्र जायचं तेव्हा मला जरा जपून सांगावं लागायचं. आता बोलल्यासारखं लिहिता येतं, पण लिहायला बसलं की काय बोलायचं तेच आठवत नाही.

गुडघ्यांमुळे पहाटेचं तळ्यावर जाणं सुटलं. आधी फार भ्यायले. आज काही होईल, उद्या काही होईल, म्हणून कान देऊन बसायची. देव काही बोलला नाही. जास्त विचारू नकोस. मीही एक काम काढलं आहे. तू परसातलं सांगत नाहीस, तर मी तरी का सांगू?

इथली संध्याकाळ फार लांब असते. तुझी पत्रं हल्ली आखूड झाली आहेत. दिव्यापुढे बसतोस तेवढाच वेळ माझ्या पत्रापुढे बसत जा.

थोरलीला विसरू नये.

दुर्गा

।। श्री ।।

देवास, आश्विन शुद्ध त्रयोदशी, सन १९२१

तीर्थस्वरूप अक्काचे चरणी,

गणोजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. काम पुरे झाले. तुझ्या सगळ्या अटी मी पाळल्या!

परसात विहीर लागली आहे. मध्येच खडक निघाला, कामगार सोडून गेले, दोनदा काम थांबले. पण पाणी गोड आहे आणि माझ्याखेरीज कोणाचा पोहरा तिला लागलेला नाही. माजघरापलीकडे सोवळ्याची चूल घातली. नूरभाईची भट्टी रस्त्यापलीकडे नेली. त्याचे मात्र मनाला लागले. इतकी वर्षे घणाला घण दिला, आता मी आवाजानेसुद्धा बाटवतो का, असे त्याने विचारले. हल्ली तो सलामही तिकडूनच करतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुझ्यासाठी हे सगळे मांडले, तर म्हटले, अक्का येण्याआधी आपण पाळून बघावे, तिला खोट सापडायला नको. पाळता पाळता ते अंगात मुरले. आता कोणी चुलीची रेघ ओलांडली तर मला अन्न जात नाही. स्वैपाक्याला मी ओरडतो, तो पळून जातो. शेवटी स्वतःच रांधतो. देव साच्यातून काढणारा तुझा भाऊ आता देवाला ओल्या धोतराशिवाय शिवत नाही. पूर्वीचा गणोजी भेटला असता तर त्याने माझी भर बाजारात टर उडवली असती. पण मी खोटे वागत नाही, अक्का. मी माझाही आवाज ऐकून पाहिला. फुटका येत नाही.

भाऊबीजेला ये आणि आता इथेच राहा. महूपर्यंत टांगा सांगितला आहे. पुढे इंदुरास मी स्वतः घ्यायला येतो.

वाट पाहणाऱ्यावर लोभ असावा.

गणोजी

।। श्री ।।

धार, आश्विन वद्य चतुर्थी, सन १९२१

चिरंजीव गणोजीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मोरोपंतांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. मग ते घरी गेले, आणि मी पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा हसू आलं नाही.

माझं काम काय होतं ते आता ऐक. तू लिहिलं होतंस, सोवळं थोडं सैल कर. मी एकेक गाठ सोडत होते रे. तळ्याचं स्नान गुडघ्यांनी सोडवलं, पुढचं मी सोडलं. ओलं लुगडं सोडलं. चुलीपुढची रेघ पुसली. माळ्यावरची घागर खाली काढली, भरली, ओट्यावर ठेवली. आता गल्लीतलं कोणीही तिच्यातलं पाणी पितं. कल्हईवाल्याची बायको पिते. मोळी घेऊन येणारी भिलीण पिते, आणि तिच्या फडक्यातली मक्याची भाकर मी खाते. कोणी येऊन मला शहाणं केलं नाही, काही आक्रीत घडलं नाही. गणोजीच्या घरी राहण्याजोगी व्हायचं, एवढंच मनात होतं. होता होता खरंच तशी झाले. आता ती रेघ पुन्हा ओढायला बसले तर मनाला ते खोटं वाटेल.

म्हणजे मी तुझ्याकडे निघाले आणि तू माझ्याकडे निघालास. महूच्या बाजारात दोघांचे टांगे शेजारून गेले असतील.

तरी येते. घागर घेऊन येते.

दुर्गा

।। श्री ।।

देवास, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सन १९२१

तीर्थस्वरूप अक्काचे चरणी,

गणोजीचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तू धारला परत सुखरूप पोचल्याचे मोरोपंतांच्या नातवाने कळवले. तू स्वतः लिहिले नाहीस, ते ठीकच झाले.

दाजी गेल्यापासून तू मला ओवाळले नव्हतेस. विधवेने निरांजन हातात घेऊ नये म्हणायचीस. या भाऊबीजेला उचललेस. मी मान पुढे केली. पण मग तुझ्या हातचे ताट पुढे आले. आजच्या दिवशी भावाने बहिणीच्या हातचे जेवावे, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. भात तुझ्या पद्धतीने मऊ होता, वाफ येत होती. हात पुढे न्यायचा म्हणून मी फार प्रयत्न केला, अक्का. तो पाटावरून उठेना.

तू ताट उचलून ओसरीवर गेलीस. मी सोवळ्याच्या चुलीपाशी बसलो. मध्ये एक भिंत. घास तोंडात घालून तू थांबायचीस, ते मला ऐकू येत होते. मीही थांबत होतो. सकाळी तू टांगा मागवलास आणि मला म्हणालीस की तुझ्या घरात मी राहीन रे, पण तुझ्या भिंतीला टेकून मला जेववणार नाही. कोणीही कोणाला खोटे म्हटले नाही. म्हणूनच इतके लागले.

नूरभाईने रस्त्यापलीकडून सगळे पाहिले होते. तो म्हणाला, गणोजीभिया, या गावात दोन राजे नांदतात, तुमच्या घरात दोन चुली नांदायला काय धाड भरली? मी त्याला इकडे बोलावले. त्याने ओसरीवर तुझ्यासाठी चूल घातली. भिंतीत एक खिडकीही पाडली आहे, बोलायला.

आता घागरीचे. तू ती ओसरीवरच विसरलीस, की ठेवून गेलीस? वाजवली तर आवाज बंद, तुझ्या हातच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. ओतून टाकावी म्हणून उचलली. काठावरच्या तुझ्या नावावर बोट पडले, ओतवेना. प्यावे म्हटले, तेही होईना. मी व्यापारी माणूस. दोन्ही पक्ष हटून बसले की तिसरा गाठतो. त्यातले ओंजळभर पाणी तुळशीला घातले. तुळस काही बोलली नाही. मग रोज थोडे थोडे घातले, आणि पूजा झाली की तिचे एक पान तोंडात टाकत गेलो. पान सोवळ्यातले आहे. त्यात कोणाला काही म्हणता येणार नाही.

आज घागरीचा तळ लागला. वाजवून पाहिली, नूरभाईने ठोकली तेव्हा घुमली होती तशीच घुमते. मघापासून दोनदा उठून वाजवून आलो.

ती भरायला तू ये. विहिरीला तुझा पोहरा लागला तर मी ते पाणी टाकणार नाही, एवढे आज माझ्याने होईल. पुढचे एकदम होणार नाही. तुझेही एकदम झाले नव्हते. आणि झालेच नाही, तर खिडकी आहे.

येताना हात रिकामे ठेव, गुडघे सांभाळून ये. घागर इथेच आहे.

तुझा धाकटा
गणोजी