येतानाचा फोटो

बदनापूर
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

चि. शीतल हिला,

आशीर्वाद हायेतच, ते कुठं पळून चालले न्हाईत. आधी दार लाव आणि मंग वाच. आईसमोर वाचलं तर चालंल. बापासमोर हे पत्र काढू नको.

मी बरी हाये. डोळ्याच्या ऑपरेशनला आज बारा दिवस झाले. डॉक्टर म्हणला, आजीबाई, आता सुईत दोरा ओवाल. मी म्हणलं, दोरा ओवायला घरात सून हाये, मला नुसती माणसं नीट दिसू द्या. दिसून राह्यली आता. कौसीच्या घरातली जळमटंबी दिसून राह्यली. बोलून दाखवलं तर तुझी आत्या दोन दिवस तोंड फुगवून बसली. जावयाला मी काही बोलत न्हाई, म्हणून ते खूश हायेत.

इकडं थंडी लई पडली. तिकडं तूर पिवळी झाली असंल. आईला म्हणावं, दव वाळल्याबिगर कापूस येचू नको, ओला कापूस घरात काळा पडतो. तिला ठाऊक हाये, तरी सांग.

फोन असताना म्हातारीला पत्र काहून सुचलं, असं म्हणशील. बुधवारी फोन केल्ताच की. मला ऐकू कमी येतं म्हणून कौसीनं इकडून आवाज मोठा केलेला, तिकडं तुझा बाप जेवायला बसलेला म्हणून तूबी मोठा केलेला. ते काय बोलणं झालं? ग्रामसभा झाली. मी म्हणलं, रविवारी खदानीकडं घोडी नेऊ नको.

"काहून व आज्जी?"

"मी म्हणते म्हणून."

"अगं, सूर्य उगवताना खदानीतलं पाणी सगळं लाल होतं. माथ्यावरून फोटो काढायचाय, लवंगीच्या कानांमधून."

"पाणी लाल झालं काय अन् हिरवं झालं काय. जाऊ नको."

"आज्जी, तुला आत्ता कुठं दिसायला लागलं, लगेच माझ्या घोडीच्या खोड्या काढायला लागलीस?"

सगळे हसले. तुझा बाप तर ठसका लागेपर्यंत हसला. अन् मंग पाणी पिऊन म्हणला, "माय, त्या घोडीत एक जरी खोट निघाली ना, तर सोमवारी बाजारात उभी करतो." तिथंच माझं तोंड बंद झालं.

म्हणून पत्र. कौसीचा दीर भागवत उद्या सकाळी जीप घेऊन मंठ्याला चालला. तुला फोन करून वाटूर फाट्यावर बोलावून घेईन म्हणला. शीतलच्याच हातात द्यायचं, असं मी त्याला दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावायला गेले तर म्हणला, "मावशी, आता काय शपथ घेऊ का?" घे म्हणलं.

आता मुद्द्याचं ऐक.

तू घोडीवर बसून जे फोटो काढतेस ते कौसीच्या फोनवर येतात. आधी मला त्यात नुसतं पिवळं-निळं दिसायचं, मी छान म्हणून मोकळी व्हायचे. आता डोळा उघडल्यावर पहिल्यांदा नीट बघितले. कौसी म्हणून राह्यली, "आई, सूर्य बघ किती भारी आलाय!" सूर्य काय, रोजच येतो. मी कान बघत होते.

तुझ्या हर फोटोत खाली लवंगीचे दोन कान हायेत. उजवा बराबर समोर. डावा बाहेर वळलेला, अर्धा मागं. एखाद्या फोटोत तसं असतं तर म्हणलं असतं, माशी बसली असंल. पण हरभऱ्याच्या रानातला बघ, तळ्यावरचा बघ, धुईतला बघ. डावा कान त्याच बाजूला. मी बोटावर मोजले, अकरा फोटो.

ज्या अंगाला डोळा काम करत न्हाई, त्या अंगाला कान काम करतो. मला पट्टी बांधलेली होती त्या एका दिवसात चार वेळा मी डावीकडं चौकटीला धडकले. पाचव्यांदा दारात थांबून त्या बाजूला कान द्यायला लागले. म्हातारीला जे एका दिवसात जमलं ते घोडीला जमणार न्हाई?

लवंगीचा डावा डोळा गेलाय, शीतल. न्हाईतर जायला लागलाय. तिच्या वंशातच हाये ते. तिची आजी हरणी, तिचाबी डावाच गेला. आधी नुसतं पाणी गळतं. पंधरा दिवसांनी बरं वाटतं. परत गळतं. मंग एक दिवस आत फूल पडलेलं दिसतं, पांढरं-निळं. हरणीवरून तुझे आजोबा पडले ते तुला ठाऊक हाये. वरातीहून येताना पिलेले होते, पडले, चार वर्षं खाटेवर राह्यले अन् गेले. गावात कुणालाबी विचार, हेच सांगतील.

म्हणून म्हणते, रविवारी जाऊ नको. अन् डोळ्याचं घरात बोलू नको.

*

दुपार झाली. सकाळी वाटलं, पत्र संपलं. घडी घालून उशीखाली ठेवलं, पण जेवण गेलं न्हाई. कौसीला म्हणलं, ते फोटो परत दाखव, आधीपासून, एकामागं एक. "आई, आता काय घोडी फोनमधून बाहेर काढू का?" म्हणली. पण दाखवले.

या वेळी मी कान सोडून बाकीचं बघितलं.

दसऱ्याच्या टायमाचे जुने फोटो हायेत, त्यात खोल बाजू कधी डाव्या अंगाला, कधी उजव्या. दिवाळीनंतर एकबी तसा न्हाई. पाट उजव्या अंगाला. तळं उजव्या अंगाला. ती पडकी विहीर उजव्या अंगाला. डावीकडं कुठं बांध, कुठं तुरीची ओळ, कुठं भिंत. अन् परवा तू खाली उतरून लवंगीचा एकटीचा समोरून फोटो काढलास, त्यात तिच्या कपाळाला लोकरीचे गोंडे. लाल, पिवळे. उजवीकडं एक. डावीकडं पाच, अन् ते बराबर डोळ्यावर. कौसी म्हणली, लोकांनी त्या गोंड्यांची लई वाहवा केली.

म्हणजे तुला ठाऊक हाये.

मी इथं सकाळपासून घाम गाळून राह्यले, पोरीला कसं सांगू, कसं सांगू. अन् पोरगी दिवाळीपासून सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ टाकून राह्यली. चोरटी कुठली.

पण रागवू कोणत्या तोंडानं? ते गोंडे मीच पहिल्यांदा केलेत.

हरणीला फूल पडलं ते मला महिन्याभरात कळलं. वैरण मी घालायचे, पाणी मी दाखवायचे. तुझ्या आजोबांचं लक्ष फेट्याकडं अन् लगामाच्या पितळेकडं. एका डोळ्यानं अधू घोडीवर नवरदेव बसवत न्हाईत, अपशकून म्हणतात. म्हणजे वरातीचं काम बंद, अन् हरणी वीटभट्टीवर. तिथं जनावराचं काय होतं ते मी बघितलेलं होतं. म्हणून मी तिच्या कपाळपट्टीला झालर शिवली. आरसे लावले, मणी लावले, डाव्या डोळ्यावर येईल अशी. वरातीत लोक म्हणायचे, घोडीला काय साज हाये! ते ऐकून हे मिशीत हसायचे. यांनाबी मी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर यांनी दुसऱ्या दिवशी विकली असती. दोन वर्षं निभलं.

जनावराला जीव लावू नये, असं तुला लहानपणापासून सांगत आले. तो माझा अनुभव हाये. पुढचं विचारू नको.

ती वरात शेजारच्या गावची होती. नदीच्या दरडीवरून गाडीवाट होती तवा. सकाळी जाताना दरड उजव्या अंगाला, दिसत्या डोळ्याकडं. दुपारी येताना तीच दरड डाव्या अंगाला आली. दोन वर्षं झालर शिवण्यात एवढी हुशारी केली, पण माणूस गेलेल्या वाटेनंच परत येतो, हे काही माझ्या डोक्यात आलं न्हाई.

हरणी एकटीच दारात आली. गुडघा सोललेला, झालर अर्धी लोंबलेली. मला तिथंच सगळं कळलं. अन् मी काय केलं? आधी झालर तोडली. चुलीत घातली. ती जळेस्तोवर उभी राह्यले. मंग त्यांना बघायला पळाले.

लोकांनी खाटेवर घालून आणलं. कुणीतरी म्हणलं, वरातीत घेतली असंल. मी पाणी तापवायला आत गेले. दुसऱ्या दिवशी सगळं गाव तेच म्हणत होतं. ते स्वतः म्हणायचे, थेंबबी घेतला न्हवता, अन् माझ्याकडं बघायचे, तू तरी सांग म्हणून. मी त्यांची उशी नीट करायचे. चार वर्षं उशी नीट केली.

तुझा बाप तवा पाचवीत होता. शाळेत पोरं त्याला बेवड्याचा म्हणायची. तो आजबी बापाच्या फोटोला हार घालत न्हाई, अन् घोडी त्याच्या डोळ्यासमोर नको, ते तिथून हाये. लवंगीला अजून विकली न्हाई ती माझ्या तोंडाच्या भीतीनं.

नवऱ्याचं नाव मी तोंडानं कधी घेतलं न्हाई. लिहून घेते. अप्पाराव त्या दिवशी पिलेले न्हवते.

तुझ्या बापाला, धर्माला, हे मी सांगीन. तू सांगू नको, ते तुझं काम न्हाई. मंगळवारी डॉक्टर एकदा डोळा बघणार, तिथूनच मी गाडीत बसते. त्याला समोर बसवून सांगते. मंग तो बाजारात घोडीला उभी करतो का मला, ते बघू.

वर सकाळी लिहिलंय की डोळ्याचं घरात बोलू नको. ते खोडणार होते. पण राहू दे तसंच, म्हणजे तुला कळंल तुझी आज्जी किती जुनी लपवणारी हाये.

आता तुझं. नुसतं जाऊ नको म्हणलं तर तू थांबायची न्हाईस. पाटाकडनं तू एका कडेनं जातेस अन् रानातून वळून घरी येतेस, येवढी अक्कल तुला हाये, दिसलं मला. पण खदानीच्या माथ्यावर जायला एकच वाट हाये, अन् यायलाबी तीच. मोठ्या रस्त्याला मुरूम काढून काढून ती आणखी खाऊन टाकली. गाडीचं एक चाक मावंल एवढीबी राह्यली न्हाई. जाताना खदान उजव्या अंगाला. लई छान फोटो येईल. अन् येताना? तुझ्या सगळ्या फोटोंत येतानाचा एकबी न्हाई. मी तीनदा शोधला.

म्हणून असं कर. उजाडून धुई उठेपर्यंत घर सोडू नको, सूर्य पळून जात न्हाई. लवंगीला खदानीच्या खालीच बाभळीला बांध, दिसता डोळा वाटेकडं ठेवून. माथ्यावर पायी जा. कानाबिगर फोटो येईल, येऊ दे. लोकांनी वाहवा न्हाई केली तर मी करते. खाली आलीस की तिच्यावर बसू नको, लगाम धरून चालत घरी आण, येताना तिच्याशी बोलत राह्य, म्हणजे तिला कळंल तू कुठं हायेस.

अन् ते गोंडे काढ. उद्याच काढ. सोमवारी जनावराच्या डॉक्टरला दाखव. लोकरीखालचा डोळा त्यालाबी दिसत न्हाई. बाप बघंल. बघू दे. ओरडला तर म्हण, मंगळवारपर्यंत थांब, आज्जी येऊन राह्यली. तेवढं तो थांबतो.

रविवारी उजाडल्यापासून मी कौसीचा फोन मांडीवर घेऊन बसणार हाये. तिला आत्ताच सांगून ठेवलं. ती म्हणली, "आई, तुला तो उघडता तरी येतो का?" येईल. फोटो आल्याबिगर चहा घेणार न्हाई, आणि मी चहा न्हाई घेतला तर या घरात काय होतं ते तुझ्या आत्याला विचार.

खदानीचा लाल पाण्याचा फोटो नको मला. येतानाचा पाठव. लवंगीचे कान त्यात आले न्हाई तरी चालंल. गोंड्यांबिगर तिचं तोंड उघडं पाहिजे, आणि तुझे दोन्ही पाय जमिनीवर दिसले पाहिजेत.

वाट बघत बसलेली,
द्वारकाबाई अप्पाराव