वाण नाही पण गुण

८ जाने. ८६, बुध.
आमटीत मीठ दोनदा पडलं. सासूबाई ताक-भात कालवून जेवल्या. पार्ल्यात सकाळी बिस्किटांचा वास सुटतो म्हणतात. सुटत असेल. माझा व. गेल्यापासून नाकाला नि जिभेला काही कळत नाही. आणि नोकरी वाइन चाखण्याची! ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

९ जाने.
कंपनीचे शेठ आज अंधेरीच्या शेडमध्ये आले. व.ने टेकडीवरच्या बागेतून शेवटचा तोडा काढला, आणि पुढच्याच महिन्यात हार्ट. त्या द्राक्षांची लाल वाइन तयार झाली आहे. नदीकाठच्या बागेचीही तयार. आता टेकडीची वेगळी भरायची, गावाचं नाव लावून, की नदीकाठच्यात मिसळून साखर घालून नेहमीची गोड करायची?
"बाई, तुम्ही चाखून सांगा. पंचवीसला शनिवारी ठरवून टाकू."
हो म्हटलं.
सेल्सचा नाईक जिन्यापर्यंत मागे आला. "मॅडम, साहेबांबद्दल रिस्पेक्ट आहे. पण पब्लिकला गोड पाहिजे ना. वांद्र्याचे दुकानदार पहिलं तेच विचारतात. माती-बिती कोण विचारतो यार!"
खरंच बोलतो तो. मला राग यायला हवा होता, आला नाही.

१२ जाने., रवि.
व.चं कपाट आवरायला घेतलं आणि तशीच बसून राहिले.
मळ्यावर तो फ्रान्सचा तज्ज्ञ आला होता ते आठवलं. सारखा एकच शब्द, तेरवार. जमीन, ऊन, उतार, वारा, सगळं मिळून वाइनमध्ये जे उतरतं ते. शेठनी विचारलं, मराठीत काय म्हणायचं? व. म्हणाला, "वाण नाही पण गुण लागला." ढवळ्याशेजारी पवळा बांधल्याची म्हण. खरं तर वाईट संगतीची. पण व.चं म्हणणं, "वेल आमचा पवळा, मुरूम त्याचा ढवळ्या. वाण बदलत नाही, खोडी लागते." तज्ज्ञाला कोणी समजावून सांगितलं नाही. व. एकटाच हसत होता.
शनिवारी घरी यायचा तेव्हा चपलांना तोच मुरूम. लादी खराब केली म्हणून मी ओरडायचे.

१४ जाने., संक्रांत
वरच्या मजल्यावर हळदीकुंकू. बांगड्यांचा आवाज खालपर्यंत.
संध्याकाळी घरी आले तर सासूबाई दारातच, लालबुंद. उंबऱ्याशी एक खोकं, वर जाड शाईत लिहिलेलं: वाण.
"कोण ठेवून गेलं हे? दोन विधवांच्या दारात वाण! माणसं काय थट्टेवर उठलीत?"
पायाने सरकवत होत्या. आयुष्यात कशाला पाय न लावणारी बाई. आत काहीतरी किणकिणलं. उघडलं तर गवतात दोन बाटल्या. मळ्यावरच्या बाबूरावांनी कोणाबरोबर तरी घरीच पाठवल्यात. खोक्याच्या दुसऱ्या बाजूला उरलेलं वाक्य: "तोच. १ टेकडी, २ नदीकाठ." द्राक्षाचा वाण.
सासूबाईंना सांगितलं. त्या पाटावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. मला हसू फुटलं. मग ते थांबेना, आणि हसू आहे की दुसरं काही ते कळेना. तोंड धुतलं. तिळगूळ केलाच नव्हता.

१७ जाने.
शेडमध्ये दोन्हींची साखर, आम्लता मोजली. जवळपास सारखी. आकड्यांचं म्हणणं, काही फरक नाही. टेकडीची तोंडात धरली. ओली लागली, बाकी काही नाही.
व.ची शेवटची आणि मला पाण्यासारखी. ती मिसळली तर कुठल्या बाटलीत किती गेली, कधी कोणाला कळणार नाही. हे लिहितानाही हात थंडच आहे.

२३ जाने., गुरु.
दिवेलागणीनंतर घरच्या बाटल्या काढल्या, पुन्हा एकदा बघावं म्हणून. सासूबाई वाती वळत होत्या.
"हीच का माझ्या वसंताची?"
"हो."
थेंब शिवला नाही कधी या बाईंनी. मुलगा या धंद्यात गेला म्हणून वर्षभर अबोला धरला होता. वाती खाली ठेवल्या आणि उजवा हात पुढे केला, तीर्थाला करतात तसा खोलगट. मी चमच्याने घातली. प्यायल्या. ओला हात सवयीने डोक्यावरून फिरवला. तोंड हे वाकडं!
"तुरट आहे गं. कच्च्या जांभळासारखी. याच्यासाठी आठवडा आठवडा तिकडे राहायचा?"
नदीकाठची दिली. ती घेतली.
"ही बरी आहे. पण ही काय, कोणाचीही असेल."
परत हात पुढे. "त्याची घाल अजून."
मग मीही हातावरच घेतली. वास नाही, चव नाही. पण जीभ ओढली गेली, गालापर्यंत. तुरटपणा ही चव नसते, पकड असते, आम्ही शिकलोय ते. म्हणून कळला असेल. रडले. सासूबाई म्हणाल्या, "चढली का तुला?"

२५ जाने., शनि.
ठरलं काही नाही. मंगळवारी परत बसायचं आहे.
नाईकने टेकडीच्या वाइनचा घोट घेऊन पेला लांब ठेवला. "शेठ, ही एकटी बाजारात गेली तर वाट लागली. मिसळून टाकू या."
शेठ माझ्याकडे बघत. "बोला, बाई."
सांगून टाकलं. म्हटलं, हे गेल्यापासून मला चव येत नाही. माझ्या जिभेवर ठरवू नका.
नाईकने मान खाली घातली. शेठ बाटलीचं बूच फिरवत होते.
"काहीच कळत नाही?"
"तुरट कळतं."
"मग काय करू मी हिचं?"
मी पेला पुढे केला. म्हटलं, "ह्यांची घाला अजून थोडी."