झिजलेलं माप

सोमवार, ४ मार्च

नवरा गेल्यानंतर आज कामावर परत रुजू झाले. शेजारचं त्याचं टेबल कुणीतरी आवरून ठेवलंय. बरं केलं. काही वाटलं नाही.

साहेबांनी एक पुली आणून दिली — जुन्या विमानवाहू जहाजाची. विमान डेकवर उतरतं तेव्हा त्याच्या शेपटीखालचा आकडा जाड तारेत अडकतो. ती तार डेकखाली या पुलीवरून धावते. पुली झिजलीय, बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलाय. "हिच्यावरूनच मापं घ्या, ड्रॉइंग करा." हो म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच हो म्हणते.

बुधवार, ६ मार्च

मापं घेतली. खाचेची रुंदी, खोली, तळाची गोलाई. हात जरासुद्धा हलला नाही.

नणंदेचा फोन. "वहिनी, एकदा रडून घ्या हो, मोकळं वाटेल." रडू यायला तर हवं!

शुक्रवार, ८ मार्च

लेक आली. ऑफिसातली मंडळी चोवीस तारखेला त्याच्यासाठी जमणार आहेत. "आई, बाबांबद्दल तू बोलायचंस."

काय बोलू? आठवत बसले. औषधांचा वास. भिंतीवर भिरकावलेला वाडगा. "हात लावू नकोस मला!" आजारपणाच्या पलीकडचं काही दिसतच नाही. एवढा संसार केला आणि हातात उरलं हे? मला तो आवडायचा तरी का? तेवढीच एक भीती वाटते. तीही लांबून, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

सोमवार, ११ मार्च

दूध उतू गेलं. बघत उभी राहिले.

बुधवार, १३ मार्च

माझ्या ड्रॉइंगवरून केलेली नवी पुली चाचणीला चढवली. ताण दिला — तार खाचेत खुळखुळली आणि उसळून बाहेर! कुणाला लागलं नाही, नशीब.

फोरमननी जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवल्या. एरवी आख्खं वर्कशॉप डोक्यावर घेणारा माणूस, आज हळू बोलला. "बाई, तुम्ही झीजच उतरवून काढलीत की. नवीकोरी पुली, आणि जन्मतःच म्हातारी!"

खरंच. तारेनं जेवढं खाल्लं होतं तेवढं सगळं मी इमानदारीत मोजलं होतं. जहाजावर चढली असती तर? लाज वाटायला हवी होती. "मग मूळ माप आणू कुठून?" विचारलं.

"तार जिथे पोचत नाही तिथे शोधा."

गुरुवार, १४ मार्च

भिंग घेऊन बसले. खाचेच्या अगदी वरच्या काठाला, पुली घडवताना पडलेल्या लेथच्या बारीक रेघा दिसल्या — ताज्या, कालच्या वाटाव्यात अशा. त्यांचा उतार धरून खाली आले. मूळ खाच सापडली!

पडताळायला जहाजाचं सगळ्यात जुनं ड्रॉइंग काढलं. पुली त्यात वेगळीच, आणि डेकही सरळ. तेव्हा तार चुकली की विमान थेट पुढच्या उभ्या विमानांवर आदळायचं. नंतर उतरायची पट्टी तिरकी केली. चुकलं तर समोर मोकळा समुद्र — पुन्हा उडायचं, फेरी मारून यायचं.

हे मला कुणी सांगितलं होतं?

त्यानंच! ऑफिसात नवा होता तेव्हा, कानामागे पेन्सिल खोचलेली. समजावता समजावता मध्येच म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी? नाही म्हणालीस तरी चालेल, आपलं डेक तिरकं आहे."

मी नाही म्हणाले. वर हसलेसुद्धा. थोड्या दिवसांनी स्वारी पुन्हा टेबलापाशी हजर — "आलो फेरी मारून!"

हे कसं विसरले मी? भिंग हातातच राहिलं.

शुक्रवार, २२ मार्च

सुधारलेली पुली चढवली. पूर्ण ताण दिला, तार जागची हलली नाही. फोरमननी पुलीवर थाप मारली. "आता कशी तरणीताठी दिसतेय!"

रविवार, २४ मार्च

सगळ्यांना तेच सांगितलं. लेकीला ठाऊकच नव्हतं — हसता हसता रडायला लागली. मी मात्र कोरडीच.

घरी आले. आत शिरून दार लोटलं. कडी घालायला हात गेला आणि घालवेना. तिथेच खाली बसून ओक्साबोक्शी रडले.

ये ना रे. एकदाच — फेरी मारून.